नळाच्या काडीवरची बुरशी आणि तिची दोन आडनावं

मागच्या वेळी आपण मोठ्या झाडांच्या नावांबद्दल बोललो, तेव्हा प्रश्नोत्तरांत एक प्रश्न आला होता: जे डोळ्यांना दिसतच नाही त्याला नाव कसं देतात, आणि दिलेलं नाव बरोबर आहे हे ठरवतं कोण? आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं उत्तर समजा. उदाहरण एकच घेऊ. नळाच्या वाळक्या काडीवर वाढणारी एक बुरशी. तिच्या ओळखीचा दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

नळ म्हणजे पाण्याचा नळ नव्हे, हे सांगायला नको. तळ्याच्या, ओढ्याच्या, खाडीच्या काठाला पुरुषभर उंच वाढणारं, वर तुरा येणारं ते गवत. जुन्या काळी बोरू करायला ज्या पोकळ काड्या लागत त्या याच जातकुळीतल्या गवतांच्या. युरोपात याचा भाऊबंद दलदलीच्या दलदली व्यापून असतो आणि तिकडे त्याने घरं शाकारतात. ही काडी वाळली की तिच्यावर बुरशांची रांग लागते. एक जाते, दुसरी येते. त्यातली एक अशी की काडीच्या सालीला उभ्या, समांतर चिरा पडतात आणि चिरांतून काळी भुकटी डोकावते. काजळी लागल्यासारखी दिसते, बोट फिरवलं तर बोट काळं होतं. सहज पाहणारा म्हणेल, मळ आहे.

ती भुकटी सुईच्या टोकावर घ्यायची, काचपट्टीवर लॅक्टोफिनॉलचा थेंब, वर पातळ काच, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मग दिसतात तपकिरी, गोल बीजाणू. साधारण ५ ते १२ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता काचेवर हलकेच टिचकी मारायची, म्हणजे बीजाणू कुशीवर वळतात. इथं गंमत आहे. समोरून गोल दिसणारा बीजाणू बाजूने मसुराच्या दाण्यासारखा चपटा निघतो, आणि त्याच्या कडेने एक फिकट, उजळ रेघ गोल फिरलेली असते. ही रेघ म्हणजे कवचातली पातळ जागा, रुजताना बीजाणू तिथून उघडतो. नवशिक्याने टिचकी मारली नाही तर त्याला नुसते तपकिरी गोळे दिसणार, आणि तपकिरी गोळे करणाऱ्या बुरशा शेकड्यांनी आहेत.

दुसरं लक्षण त्याहून विलक्षण. बहुतेक बुरशांत बीजाणू धरणारा दांडा टोकाकडे वाढत जातो. हिचा दांडा तळाकडून वाढतो. खाली एक छोटी सुरईसारखी पेशी असते, तिच्या आतून दांडा वर ढकलला जातो, आणि जसजसा तो वर सरकतो तसतसे त्याच्या अंगावर बीजाणू येत जातात. म्हणजे वरचा बीजाणू थोरला, खालचा धाकटा. आपले केस आणि नखं अशीच मुळाकडून वाढतात. गवताचं पानही तळाकडूनच वाढतं, म्हणून गुरांनी शेंडा खाल्ला तरी ते पुन्हा येतं. बुरशांत मात्र ही तऱ्हा दुर्मीळ, आणि म्हणूनच ओळखीला फार उपयोगी.

एवढी ठळक लक्षणं असताना गोंधळ व्हायचं कारण काय? त्यासाठी १८१७ सालात जावं लागतं.

त्या वर्षी जर्मनीत लाइपझिशला गुस्ताफ कुन्झे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 'अर्थ्रिनियम' ही प्रजाती मांडली. नावातला ग्रीक शब्द सांध्याचा आहे. या बुरशीच्या दांड्यावर जाड, गडद आडवे पडदे असतात, बोटाच्या पेरांसारखे. कुन्झेपुढचा नमुना नळावरचा नव्हता, तो कॅरेक्सवरचा होता, म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पतीवरचा. हे आत्ताच लक्षात ठेवा, कारण सगळं प्रकरण शेवटी या एका नमुन्यावर येऊन अडणार आहे.

इथं नावांचा कायदा दोन वाक्यांत सांगतो. शास्त्रीय नावात आधी प्रजाती, मग जाती; म्हणजे आडनाव आधी आणि पाळण्यातलं नाव नंतर. आणि प्रत्येक नाव एका प्रत्यक्ष, जपून ठेवलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं, त्याला टाइप नमुना म्हणतात. वर्णन चुकलेलं असो, चित्र वाईट असो, नाव त्या नमुन्याचंच. वर्णनाशी नाव बांधलं असतं तर प्रत्येक नव्या, जास्त चांगल्या सूक्ष्मदर्शकाबरोबर जुनी नावं कोसळली असती.

कुन्झेनंतर वीस वर्षांनी, १८३७ मध्ये, प्रागला ऑगस्ट कोर्डाने गोल तपकिरी बीजाणूंच्या एका बुरशीला 'जिम्नोस्पोरियम फेओस्पर्मम' म्हटलं. फेओस्पर्मम म्हणजे तपकिरी बीजाचं. हा कोर्डा मोठा कसबी चित्रकार होता. पुढे टेक्ससला नमुने गोळा करायला गेला आणि १८४९ मध्ये परतताना जहाजासकट अटलांटिकमध्ये नाहीसा झाला. त्याच्याबरोबर काय काय बुडालं असेल कोण जाणे. त्याच सुमारास असल्याच काळ्या भुकटीच्या बुरशांना 'पापुलारिया' हे तिसरं आडनावही चिकटलेलं होतं. म्हणजे अर्थ्रिनियम, जिम्नोस्पोरियम, पापुलारिया. वस्तू जवळपास एकच, आणि नाव देणारे एकमेकांचे नमुने क्वचितच पाहत होते.

पण खरी फाळणी इथं होत नाही. ती होते त्याच काडीवर काही आठवड्यांनी.

पावसाळा सरता सरता, किंवा युरोपात हिवाळा संपता संपता, त्याच काडीच्या सालीखाली काळ्या, लांबट उंचवट्यांच्या रांगा येतात. त्या कापून पाहिल्या तर आत बारीक कुप्या, कुपीत पारदर्शक पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू. हे तपकिरी नसतात, बिनरंगी असतात, आणि त्यांना दोन असमान खण असतात, एक मोठा आणि एक अगदी लहान. नासपतीसारखा आकार. आधीच्या मसुराच्या दाण्याशी याचं काही साम्य नाही. अल्जीरियात फ्रेंचांच्या शास्त्रीय मोहिमेत नळासारख्या गवताच्या दांड्यांवर असला नमुना मिळाला, आणि १८४९ मध्ये दुरियू आणि मोंताञ यांनी त्याला 'स्फेरिया अपिओस्पोरा' म्हटलं. कामीय मोंताञ लष्करी डॉक्टर, निवृत्तीनंतर बुरशांकडे वळलेला. पुढे १८७५ मध्ये इटलीत पादुआच्या साक्कार्दोने त्यासाठी वेगळी प्रजाती केली, 'अपिओस्पोरा'. अपिओन म्हणजे नासपती. जातीचं नाव मोंताञच्या सन्मानार्थ 'मोंतान्येइ'.

झालं. एकाच जीवाची दोन रूपं, दोन आडनावं, आणि पुस्तकांत दोन वेगळी प्रकरणं. एक रूप लैंगिक, पिशवीतल्या बीजाणूंचं; दुसरं अलैंगिक, काळ्या भुकटीचं.

याचा अर्थ तेव्हाच्या माणसांना कळत नव्हतं असा घेऊ नका. एका बुरशीला अनेक रूपं असतात हे फ्रान्समधल्या त्युलान बंधूंनी १८६१ ते १८६५ मध्ये तीन खंडांत सचित्र मांडलं होतं. थोरला लुई-रेने लिहायचा, धाकटा शार्ल चित्रं काढायचा, आणि ती चित्रं पाहून आजही थक्क व्हायला होतं. अडचण व्यवहाराची होती. ज्याच्या हाती काळी भुकटी आली त्याला पिशव्या कधी येतील याची वाट पाहणं शक्य नसे. बऱ्याचदा त्या येतच नसत. मग जे समोर आहे त्याला नाव द्यायचं. साक्कार्दोने १८८२ पासून जगातल्या सगळ्या बुरशांची सूची खंडामागून खंड काढली, ती या व्यवहारावरच उभी होती. आणि १९१० मध्ये ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही सोय नियमात आली: पिशवीच्या रूपाचं नाव प्रमुख, पण भुकटीच्या रूपालाही स्वतःचं नाव ठेवायला हरकत नाही. आम्हांला विचाराल तर त्या काळाला तो नियम शहाणपणाचाच होता. नावच नसतं तर या बुरशांच्या नोंदीच झाल्या नसत्या.

विसाव्या शतकातली ओळख जास्त करून भुकटीवरच पुढे गेली. १९५३ मध्ये कॅनडात स्टॅन्ली ह्यूजने एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की बीजाणूचा रंग-आकार पाहू नका, तो कसा जन्मतो ते पाहा. त्याने जन्माच्या तऱ्हांप्रमाणे गट पाडले आणि तळाकडून वाढणाऱ्या दांड्यांना त्यात स्वतंत्र जागा दिली. आपल्या बुरशीला पहिल्यांदा तिच्या खऱ्या वैशिष्ट्यावरून घर मिळालं. १९६५ मध्ये लंडनजवळ क्यू इथल्या मायकॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मार्टिन एलिसने कोर्डाचं फेओस्पर्मम आणि पापुलारियातल्या जाती एकत्र अर्थ्रिनियममध्ये आणल्या. कारण उघड होतं: तळाकडून वाढणारा दांडा सगळ्यांत समान.

याच एलिसने पत्नी पामेला हिच्याबरोबर १९८५ मध्ये एक ग्रंथ काढला, त्यात बुरशांची मांडणी यजमान वनस्पतीप्रमाणे आहे. नळाचं पान उघडा, नळावरच्या बुरशा एकत्र. शास्त्राच्या दृष्टीने ही मांडणी कच्ची म्हणता येईल, पण तळ्याकाठी काडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला याहून कामाचं पुस्तक नाही. आपल्याकडे सी. व्ही. सुब्रमणियन यांचं 'हायफोमायसिटिस' १९७१ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढलं, आणि भारतातल्या असल्या बुरशा ओळखायला विद्यार्थ्यांच्या हातात प्रथम ते आलं. गोव्यात डी. जयराम भट यांनी पश्चिम घाटातल्या पाचोळ्यावरच्या बुरशांचं काम उभं केलं, तेही याच परंपरेतलं.

आता थोडं बाजूला जाऊ, पण फार नाही. गवताच्या काडीवरची काळी भुकटी ओळखली काय आणि नाही काय, कुणाचं काय अडलं? ऊस हेही गवतच. अर्जेंटिनात स्पेगाझ्झिनीने १८९६ मध्ये उसावरच्या बुरशांत यांच्यातलीच एक नोंदवली होती, आज तिचं जातीचं नाव 'सॅकरी' आहे. मग १९७२ पासून उत्तर चीनमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला. दक्षिणेत पिकलेला ऊस हिवाळाभर साठवून फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेला विकला जायचा. तो चघळल्यावर काही तासांत उलट्या, मग झटके, शुद्ध हरपणं. बहुतेक रुग्ण मुलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत आठशेहून अधिक जणांना बाधा झाली आणि साधारण दहातला एक दगावला. जे वाचले त्यांतल्या कित्येकांचे हातपाय कायमचे वेडेवाकडे वळू लागले, कारण मेंदूच्या खोल भागातल्या, हालचाली सांभाळणाऱ्या पेशी मेल्या होत्या.

उसातून बुरशा वेगळ्या केल्या, त्यांत वारंवार अर्थ्रिनियम निघाली. ती '३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल' नावाचं विष करते, आणि ते विष पेशीच्या श्वसनातलं एक विकर बंद पाडतं. विष इतकं नेमकं मेंदूच्या त्याच भागावर बसतं की पुढे हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत तेच वापरू लागले. आपल्याकडे ऊस तोडला की गाळपाला जातो, संक्रांतीच्या वाणातला ऊसही ताजा असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण महिनोन्महिने पडून राहिलेला, आतून रंग पालटलेला, आंबूस वासाचा ऊस मुलांच्या हातात देऊ नये, एवढं मात्र इथं सांगून ठेवतो.

आणि आता नावाकडे पुन्हा. या विषाचे तेव्हाचे अहवाल 'अर्थ्रिनियम' या नावाखाली आहेत. नळावर, बांबूवर पिशवीचं रूप सापडलेला माणूस 'अपिओस्पोरा' म्हणून शोध घेईल तर त्याला विषाचे ते अहवाल दिसणार नाहीत. दोन आडनावांची किंमत ही अशी द्यावी लागते.

दोन्ही रूपं एकाच जीवाची हे तोवर प्रयोगाने दाखवून झालं होतं. पिशवीतला एकच बीजाणू उचलायचा, निर्जंतुक माध्यमावर एकटाच वाढवायचा, आणि त्यातून काळी भुकटी येते का पाहायचं. आली, तर शंका उरत नाही. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये हडसन आणि सहकाऱ्यांनी अपिओस्पोराच्या भुकटीच्या रूपांवर निबंध लिहिला, तो यावरच. तरीही नियमाप्रमाणे दोन्ही नावं चालूच राहिली.

मग डीएनए आला. २०११ मध्ये आधी ॲमस्टरडॅमच्या बैठकीत मागणी झाली आणि त्याच वर्षी मेलबर्नच्या परिषदेत दुहेरी नावाची सोय रद्द झाली. १ जानेवारी २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव. आता अर्थ्रिनियम ठेवायचं की अपिओस्पोरा? नेदरलँड्समध्ये क्राउस आणि ग्रुनेवाल्ड यांनी २०१३ मध्ये निकाल दिला: अर्थ्रिनियम, कारण ते १८१७ चं, म्हणजे आधीचं, आणि वापरातही जास्त. त्याच निबंधात त्यांनी इटलीतल्या नळाच्या काड्यांवरची एक नवी जातीही वर्णन केली, 'अर्थ्रिनियम फ्रॅग्मिटिस'. फ्रॅग्मिटिस म्हणजे नळाचंच शास्त्रीय नाव. नळवाल्यांचं आडनाव एकदाचं ठरलं असं सगळ्यांना वाटलं.

आठ वर्षं टिकलं.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला नमुना आठवा. अर्थ्रिनियम हे आडनाव कुन्झेच्या कॅरेक्सवरच्या नमुन्याला बांधलेलं आहे. जातीचं नाव 'कॅरिसिकोला', म्हणजे कॅरेक्सवर राहणारी. आणि डीएनएच्या वंशवृक्षात अशा, लव्हाळ्याच्या कुळावर आणि थंड मुलखात राहणाऱ्या जाती तोवर फारच थोड्या घेतल्या गेल्या होत्या. सगळी गर्दी नळ, बांबू, ऊस यांच्यावरच्यांची. स्पेनच्या पिंतोस आणि अल्वारादो यांनी ती उणीव भरली, उत्तरेकडचे आणि डोंगराळ भागातले नमुने गोळा केले, आणि २०२१ मध्ये दाखवलं की या दोन स्वतंत्र शाखा आहेत. खरी अर्थ्रिनियम कॅरेक्स आणि तिच्या सोयऱ्यांवरची. तिचे बीजाणूही पाहण्यासारखे: काहींचे होडीसारखे, काहींचे कोनाकोनांचे, एका जातीच्या बीजाणूला तर दोन शिंगं. गवतांवरची, मसुरासारख्या बीजाणूंची ती अपिओस्पोरा. पन्नासहून अधिक जाती त्यांनी अपिओस्पोरात नेल्या. विषारी उसावरची सॅकरी तिकडे गेली, फ्रॅग्मिटिसही गेली.

तळाकडून वाढणारा दांडा मात्र दोघांत आहे. म्हणजे एलिसने ज्या लक्षणावर सगळ्यांना एकत्र केलं, ते खोटं नव्हतं. ते या दोघांच्या अख्ख्या घराण्याचं लक्षण निघालं. सूक्ष्मदर्शकाने पाहणाऱ्याला फरक दिसत होता, शिंगंही दिसत होती, पण कोणता फरक वजनदार मानायचा हे ठरवायला त्याच्याकडे साधन नव्हतं. उलट डीएनएवाल्यांकडे साधन होतं, आणि नेमका टाइप नमुन्याचा गोतावळाच झाडात पुरेसा नव्हता. दोघांच्याही मर्यादा सारख्याच खऱ्या आहेत, म्हणून 'डीएनए केला की संपलं' असं कुणी म्हणालं तर आम्ही हे उदाहरण सांगतो.

२०२२ मध्ये त्याच दोघांनी आणखी एक काम केलं, त्याची चर्चा कमी झाली. अल्जीरियाचा १८४९ चा नमुना इतका जुना की त्यातून डीएनए काढून निकाल लावणं कठीण. तेव्हा स्फेरिया अपिओस्पोराच्या जुन्या नमुन्याला आधार म्हणून एक ताजा नमुना नियमाप्रमाणे नेमला गेला. याला उपप्ररूप म्हणू. आता अपिओस्पोरा हे आडनाव कुणाचं, याचं उत्तर प्रयोगशाळेत तपासता येतं.

आपल्या बाजूचा धागाही यात आहे. स्वालबार्डच्या मातीतून, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळून, भारतीय शास्त्रज्ञांना २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला यांच्यातलीच एक नवी जाती मिळाली. वर्णन करणाऱ्यांत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे बुरशीतज्ज्ञ होते. नाव ठेवलं गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्यावरून: 'अर्थ्रिनियम रसिकरवींद्रिइ'. पुढे ती थायलंड, नेदरलँड्स अशा ठिकाणीही सापडली, म्हणजे ध्रुवाची म्हणून ठेवलेली बुरशी चांगलीच फिरस्ती निघाली. २०२१ मध्ये आडनाव बदलून अपिओस्पोरा झालं. पाळण्यातल्या नावाचं शेपूटही बदललं. आपण रवींद्र म्हणतो, पण रोमन लिपीत शेवटी 'ए' येतं, आणि लॅटिनच्या नियमाप्रमाणे 'ए'ने संपणाऱ्या व्यक्तिनामाचं रूप वेगळं होतं. म्हणून ते 'रसिकरवींद्री' झालं.

हर्बेरियममध्ये अशा वेळी जुनी चिठ्ठी फाडत नाहीत, खोडतही नाहीत. पाकिटावर खाली दुसरी चिठ्ठी चिकटवतात, तिच्यावर नवं नाव, ओळखणाऱ्याचं नाव आणि तारीख. नळाच्या एकेका काडीच्या पाकिटावर अशा तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्या एकाखाली एक असतात. प्रश्न असतील तर विचारा, आणि ज्यांना टिचकी मारून पाहायची आहे त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून ठेवला आहे.